दुखणे सांगणे म्हणजे सब्र सोडणे नव्हे

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे ऑपरेशन ठरले की जळगाव-धुळ्याकडची अनेक कुटुंबे मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे धाव घेतात. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात जाताना खर्च कसा भागेल, राहायचे कुठे, हे सारे आपण विचारतो. ऑपरेशननंतरच्या वेदनेचे काय, हे मात्र विचारत नाही. अब्बा दात आवळून पडून राहतात आणि आपण कौतुकाने म्हणतो, किती सब्र आहे त्यांच्यात!

हे गप्प राहणे या ऑपरेशनमध्ये महागात पडते. बरगड्यांमधून वाट काढलेली असते, छातीत नळी असते. खोकले की कळ येते. त्या भीतीने रुग्ण वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो. मग कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून वेदना कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे.

याची राखण रात्रंदिवस करते ती नर्स. ० ते १० मध्ये दुखणे किती, हे ती पडल्या पडल्या विचारते आणि खोकतानाही. आकडा सांगता येत नसेल तर चेहऱ्यांची चित्रे दाखवता येतात. रुग्णाला अहिराणीत बोलू द्या, उर्दूत बोलू द्या. पण त्याच्या वतीने आपणच ‘बरं आहे’ म्हणू नका. पाठीतल्या बारीक नळीतून किंवा शिरेतून दिलेले औषध लागू पडले की नर्स त्याला बसवते, चालवते, दीर्घ श्वास घ्यायला लावते. खोकताना जखमेवर उशी दाबून धरायलाही तीच शिकवते.

मॉर्फिनने व्यसन लागेल, ही भीती घरोघरी असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत, थोडे दिवस घेतल्यास तो धोका फार कमी असतो. गुंगी फार वाढते का, श्वास मंदावतो का, यावर नर्सचे लक्ष असते. मळमळ किंवा बद्धकोष्ठता झाली तर तिला सांगा, त्यावर औषध आहे.

घरी आल्यावर गोळ्या वेळेवर द्या, विडी-सिगारेट घरातूनच हद्दपार करा. वाकताना कळ येत असेल तर नमाज बसून किंवा इशाऱ्याने अदा करण्याची मुभा आहेच. ताप आला, धाप लागली, जखमेतून पू आला किंवा दुखणे अचानक वाढले तर सकाळची वाट पाहू नका; जवळच्या रुग्णालयात न्या.