तुर्कस्तानचा हलवा

हलवा म्हटला की आपल्याकडे प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे निराळी वस्तू उभी राहते. संक्रांतीला ज्याचे दागिने करून नव्या सुनेला आणि तान्ह्या बाळाला घालतात तो काटेरी पांढरा हलवा. दुधी भोपळ्याचा किंवा गाजराचा, चमच्याने खावयाचा हलवा. मुंबईहून येणारा, कागदाच्या तुकड्यांत थरावर थर ठेवलेला माहीमचा हलवा. आणि कोकणातल्या मंडळींना तर आधी मासाच आठवावयाचा! मासा बाजूला ठेवू. उरलेल्या तिघांत रूप, चव, कृती यांपैकी काहीच सारखे नाही, नाव तेवढे एक. याचे कारण अगदी साधे आहे. अरबी भाषेत हलवा या शब्दाचा मूळ अर्थ ‘गोड वस्तू’ एवढाच. हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, येताना हलवायालाही घेऊन आला, आणि मग ज्याला जी गोड वस्तू हलवा वाटली तिला त्याने ते नाव दिले. तोच शब्द दुसऱ्या दिशेने तुर्कांकडे गेला आणि तेथे ‘हेल्वा’ झाला.

तुर्कांची मिठाई म्हणून जगात नाव आहे ते बकलावाचे आणि लोकुमचे. बकलावा मूळचा कोणाचा यावर शेजारी देशांत कडाक्याचे वाद होतात. हलव्यासाठी कोणी एवढे भांडत नाही. पीठ, तूप, साखर, एवढ्यावर तो होतो. त्यावर मालकी सांगणार तरी कोण? पण तुर्की घराशी जवळचे नाते विचाराल तर ते हलव्याचेच. मूल जन्मले की हलवा, मुलगा लष्करात निघाला की हलवा, यात्रेकरू मक्केहून परतला की हलवा. आणि घरात माणूस मेला की त्या दिवशीही हलवाच. ही शेवटची गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटते. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे. कारण तोवर हा पदार्थ कोठून आला आणि किती प्रकारांनी होतो, हे ध्यानात आलेले बरे.

बगदादमध्ये 1226 साली मुहम्मद बिन अल-हसन अल-बगदादी नावाच्या गृहस्थाने पाककृतींचा एक ग्रंथ लिहिला. माणसाची सुखे सहा, त्यांत पहिले भोजनाचे, असे हा ग्रंथकार प्रस्तावनेतच निःसंकोचपणे सांगून टाकतो. त्यात गोड पदार्थांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. पुढे पंधराव्या शतकात, सुलतान दुसरा मुराद याच्या काळात, शिरवानी नावाच्या वैद्याने या ग्रंथाचा तुर्की अनुवाद केला व त्यात आपल्या कितीतरी कृतींची भर घातली. स्वयंपाकाचे पुस्तक वैद्याने का भाषांतरित करावे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. पण आहार आणि औषध यांच्यात आज आपण जी भिंत घालतो ती तेव्हा नव्हती. इस्तंबूलच्या तोप्कापी राजवाड्यात मुदपाकखान्याला लागून ‘हेल्वाहाने’ म्हणजे हलवाखाना होता. तेथे हलवे, मुरंबे, सरबते तर होतच. पण आपल्या अवलेहासारखी औषधी चाटणे आणि साबणदेखील तेथेच तयार होत. 1574 साली ही मुदपाकघरे आगीत जळाली आणि थोर वास्तुकार सिनान याने ती पुन्हा बांधली. त्यांची ती धुराडी आणि घुमट आजही पाहावयास मिळतात.

परंतु राजवाड्याच्या आधी हलव्याचा संबंध येतो तो सूफी मठांशी. मौलाना जलालुद्दीन रूमी हे जन्माने बाल्खचे. पण त्यांचे आयुष्य गेले अनातोलियातल्या कोन्या शहरी, आणि 1273 मध्ये तेथेच ते निवर्तले. त्यांच्या मठात स्वयंपाकघर हीच नवशिक्याची पहिली शाळा असे. कोन्याला मौलानांच्या स्वयंपाक्याचीही समाधी आहे, आणि भाविक तेथून चिमूटभर मीठ घरी नेतात. स्वयंपाक्याची समाधी बांधून तिला नमस्कार करणारे लोक जगात फार नसावेत!

रूमींच्या ‘मसनवी’त हलव्याची एक गोष्ट आहे. शेख अहमद खिज्रुया हा उदार साधू कर्ज काढकाढून दानधर्म करी. त्याचा अंतकाळ आला तेव्हा चारशे दीनार देणे होते, आणि सावकार उशाशी चेहरे पाडून बसले होते. इतक्यात बाहेर हलवा विकणाऱ्या पोराची आरोळी ऐकू आली. शेखाने अर्ध्या दीनारात सगळा हलवा घेतला आणि सावकारांना खाऊ घातला. पोराने पैसे मागितले. ‘माझ्याजवळ कोठले पैसे? मी तर मरावयाला टेकलो आहे,’ असे शेख म्हणाला आणि पांघरूण ओढून स्वस्थ पडला. पोरगा हंबरडा फोडून रडू लागला. रिकाम्या हाताने गेलो तर मालक मारून टाकील म्हणाला. सावकार संतापले. दुपार टळल्यावर कोणा धनिकाकडून एक झाकलेले तबक आले. त्यात चारशे दीनार होते, आणि एका कोपऱ्यात कागदात गुंडाळलेला अर्धा दीनार निराळा! सगळे थक्क झाले. शेखाने खुलासा केला, की कृपा अडली होती ती या पोराच्या रडण्यावाचून. गोष्टीचे आध्यात्मिक तात्पर्य रूमी सांगतात, ते ज्याने त्याने मुळातून वाचावे. मला लक्ष वेधावयाचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीकडे: मृत्युशय्या आहे, भोवती देणेकरी-घेणेकरी आहेत, आणि मध्ये हलव्याचे ताट आहे. तेराव्या शतकातल्या श्रोत्याला या योगात विसंगत असे काही वाटले नसावे.

आता प्रकारांकडे वळू. तुर्की हलव्याचे सरळ दोन तट पडतात, बाजाराचा आणि घरचा. बाजारच्या हलव्यात पहिला मान तिळाचा. तीळ भिजवून, टरफले काढून, भाजून जात्यात दळतात, तेव्हा त्याचे पातळ, तेलकट असे वाटण तयार होते. त्याला ‘ताहिन’ म्हणतात. दुसऱ्या भांड्यात साखरेचा पाक चढवतात आणि त्यात ‘चोवेन’ नावाच्या वनस्पतीच्या मुळांचा काढा घालून घोटतात. या मुळाचा गुण आपल्या रिठ्यासारखा. पाण्यात त्याचा फेस होतो, कारण दोघांतही सॅपोनिन हे द्रव्य असते. त्या फेसाने पिवळसर पाक फुगतो, हलका होतो आणि शुभ्र दिसू लागतो. मग त्यात जवळजवळ तेवढेच ताहिन घालून मळावयाचे. ही मळणीच सारे काही ठरवते. हलक्या हाताने मळले तर पाकाचे असंख्य बारीक तंतू होतात आणि त्यांच्यामध्ये तेल धरून राहते. कमीजास्त झाले की तेल सुटते आणि वडी दगडासारखी बसते. चांगला हलवा सुरीने कापला तरी रेषारेषांनी मोडतो. संक्रांतीच्या आपल्या हलव्यातही आत तीळ आणि बाहेर साखरच असते. पण आपण तीळ अखंड ठेवून त्यावर पाकाचा काटा चढवतो आणि तुर्क त्याचे लोणी करून पाकात मळतो.

या हलव्यात दूध-लोणी नाही, आणि त्यामुळे त्याला एक अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरपूर्वीच्या उपासात दूध, लोणी, अंडी वर्ज्य असतात. तिळाचा हलवा चालतो. उपास सुरू होतो त्या सोमवारी ग्रीसमध्ये घरोघर हलवा असतोच. उपासाची म्हणून जी वस्तू, तिच्यावर अधिक ताव मारण्याची विद्या केवळ आपल्यालाच अवगत आहे असे नव्हे! पुढे युक्रेन आणि रशियात तिळाऐवजी सूर्यफुलाच्या बियांचा हलवा रूढ झाला. इस्तंबूलमध्ये मासे खाल्ल्यावर हलवा खावयाची चाल आहे. तिळाचा हलवा लिंबू पिळून भट्टीत गरम करून देतात.

दुसरा प्रकार केसांसारखा, ‘पिश्मानिये’. याला इझ्मित शहर प्रसिद्ध. लोणावळ्याहून जाणारा प्रवासी जशी चिक्की घेतो तसा इझ्मितवरून जाणारा याची पेटी घेतो. घट्ट पाकाचे कडे करावयाचे, ते तुपात भाजलेल्या पिठाच्या परातीत ठेवावयाचे, आणि भोवती बसलेल्या चौघापाचांनी ते ओढून मोठे करावयाचे. मोठे झाले की पीळ घालून दुहेरी करावयाचे, पुन्हा ओढावयाचे. दर खेपेस धागे दुप्पट होतात. बारा खेपांत एकाचे 4096! पीठ मध्ये असल्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. आपली सोनपापडी याच कुळातली. ‘पिश्मान’ म्हणजे पस्तावलेला, म्हणून खाणारा पस्तावतो आणि न खाणाराही पस्तावतो, असा विनोद तेथे सांगतात. पण नावाचे मूळ फारसी ‘पश्म’ म्हणजे लोकर या शब्दात असावे हे अधिक पटते. आपला पश्मिना त्याच शब्दापासून आला.

हा ओढावयाचा हलवा एकट्याने होत नाही. म्हणूनच हिवाळ्याच्या लांब रात्री मित्रांनी जमावे, गाणे, काव्य, थट्टामस्करी करावी आणि शेवटी मिळून हलवा ओढावा, अशी रीत पडली. तिला हलव्याच्या बैठकी म्हणत. सुलतान तिसरा अहमद (कारकीर्द 1703 ते 1730) आणि त्याचा वजीर इब्राहीम पाशा यांच्या विलासी काळात या बैठकींना मोठा बहर आला. त्या काळचा कवी नेदीम याने त्यांवर कविता रचली आहे. 1730 च्या बंडात वजिराचा वध झाला, सुलतान पदच्युत झाला; बैठकी मात्र गावोगाव चालू राहिल्या.

इतरही प्रकार पुष्कळ आहेत. अक्रोड घातलेला पांढरा हलवा, पातळ पापडीचा ‘कागदी’ हलवा, बाल्केसिरकडे बिनमिठाच्या ताज्या चीजचा हलवा. त्यांचे वर्णन खाऊनच करावयाचे.

घरचा हलवा दोनच प्रकारांचा, कणकेचा नाही तर रव्याचा. तूप तापवावे, पीठ घालावे, मंद आचेवर तांबूस होईतो भाजावे, वर साखरपाणी किंवा दूध ओतावे. पूर्वी गावाकडे साखर कोठून असणार? तेथे द्राक्षांच्या रसाची काकवी किंवा मध घालीत. धीर धरला तर आंबट हिरव्या द्राक्षाचाही हलवा होतो, ही तुर्की म्हण त्या काकवीवरून आलेली. मुल्ला नसरुद्दीनाला, ज्याला तुर्क आदराने होजा म्हणतात, कोणी विचारले, ‘तुम्हांला हलवा इतका आवडतो, मग घरी का करीत नाही?’ होजा म्हणाला, ‘पीठ असते तेव्हा तूप नसते, तूप असते तेव्हा साखर नसते.’ ‘आणि तिन्ही असतात तेव्हा?’ ‘तेव्हा मी घरी नसतो!’

रव्याच्या हलव्याची कृती आपल्या शिऱ्याची सख्खी बहीण आहे. ‘शिरा’ हा शब्दही फारसीच. तेथे त्याचा अर्थ रस किंवा पाक. फरक बारीक आहेत. तुर्क रव्याबरोबर पहिल्यापासूनच चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे तुपात टाकतात; दाणे सोनेरी झाले की रवा भाजला असे समजावयाचे. दोन वाट्या रव्याला साधारण तेवढीच साखर आणि तीन-चार वाट्या गरम दूधपाणी. वाफेसाठी झाकणाखाली फडके घालून ठेवतात. वेलदोडा नाही, केळे नाही. वर फार तर दालचिनीची पूड.

हा वास आपल्या घरात सुटला की सत्यनारायणाची पूजा आठवते. तुर्की घरातून तो सुटला तर रस्त्याने जाणारा क्षणभर थांबून विचार करतो, कोण गेले असेल? अमक्याचा हलवा भाजला म्हणजे तो मेला, असा तेथे वाक्प्रचारच आहे. आपल्याकडेही सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारी पिठले-भात आणून देतात. तेथेही शेजारी जेवण आणतात. पण आपण गोड घासाकडे परत येतो ते दिवस संपल्यावर, तेराव्याच्या पुढे. दुःखातून बाहेर पडल्याची ती खूण असते. तुर्क दुःखाच्या ऐन मध्यभागी, बहुधा दफनाच्याच दिवशी, हलव्याची कढई चढवतात. आणि चाळिसाव्या, बावन्नाव्या दिवशी पुन्हा. धर्मग्रंथात तशी काही आज्ञा नाही. ही रूढी लोकांनी घातली आहे. भाजलेल्या पिठाचा वास मृताच्या आत्म्यापर्यंत पोचतो, अशी श्रद्धा आहे. शिवाय मृताच्या नावाने दुसऱ्याच्या मुखी घास घातला तर त्याचे पुण्य मृताला लागते. आणि द्यावयाचे तर साधे का द्यावे, तूप-साखरेचे द्यावे.

मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कणीक मंद आचेवर भाजावयाची म्हणजे अर्धापाऊण तास हात थांबवून चालत नाही. क्षणभर दुर्लक्ष झाले की ती करपते. घरात जमलेल्या बायका आळीपाळीने उलथने हाती घेतात. पहिली दमली की दुसरी, मग तिसरी. प्रत्येक जण ढवळता ढवळता मृतासाठी प्रार्थना पुटपुटते. सांत्वनाला शब्द सापडत नाहीत तेव्हा हाताला काम सापडते. घरची सूनही त्यात असते, आणि जिचे मृताशी आयुष्यभर जमले नाही अशी शेजारीणही असते.

मग चमच्याने मुटके पाडून बशा भरतात आणि मुले त्या आळीभर पोचवतात. घेणारा कधी कधी मृताला ओळखतही नसतो. बशी हातात घेऊन तो म्हणतो, ‘त्याच्या जिवाला पोचो,’ आणि हलवा गरम असतानाच खातो.