प्रकृती ओळखा, पण ताट आपलेच ठेवा

कुणी सांगतो, तुमची प्रकृती पित्ताची, तिखट बंद करा. कुणी सांगतो, तुम्हाला वात आहे, वांगे-बटाटे सोडा. तिसरा म्हणतो, कफ झालाय, ताकाला हात लावू नका. तिघांचे ऐकायचे म्हटले तर घरातल्या बाईने शिजवायचे काय आणि कष्ट करून आलेल्या माणसाने खायचे काय? आता तर मोबाईलवरही दहा प्रश्न विचारून 'तुमची प्रकृती' सांगतात, आणि शेवटी चूर्णाचा महागडा डबा पुढे करतात.

आयुर्वेदात घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि नाकारण्यासारखेही आहे. दोन्ही गोष्टी नीट कळल्या तर पैसा वाचतो आणि शरीरही सांभाळले जाते. म्हणून अगदी पहिल्यापासून, सोप्या भाषेत, हा विषय आम्ही मांडत आहोत.

तीन दोष म्हणजे काय?

आयुर्वेद म्हणतो, शरीराचा कारभार वात, पित्त आणि कफ या तिघांवर चालतो. वात म्हणजे हालचाल : श्वास, रक्ताचे फिरणे, मलमूत्र बाहेर पडणे. पित्त म्हणजे उष्णता : भूक, पचन. कफ म्हणजे ओलावा आणि भरणा : वजन, ताकद, सांध्यांतले वंगण. यांना 'दोष' म्हणत असले तरी ते वाईट नव्हेत. आपल्या मापात असतात तोवर तेच शरीर धरून ठेवतात. माप बिघडले की त्रास देतात.

जन्मतःच प्रत्येकात या तिघांचे प्रमाण निरनिराळे असते, त्याला प्रकृती म्हणतात. वाताचा माणूस बहुधा सडपातळ, कोरड्या त्वचेचा, भूक कधी असते कधी नसते, झोप सावध, थंडी सोसत नाही. पित्ताच्या माणसाला भूक कडक लागते, जेवण लांबले की डोके चढते, घाम जास्त, ऊन सोसत नाही, केस लवकर पिकतात. कफाचा माणूस अंगाने भरलेला, चालणे-बोलणे संथ, झोप गाढ, भूक बेताची, वजन चटकन वाढणारे. पुष्कळांत दोन प्रकृतींची सरमिसळ असते. तेव्हा 'मी वाताचा की पित्ताचा' या घोळात फार पडू नये.

वय, वेळ आणि ऋतू यांचाही हिशेब आहे. लहानपणी कफ, तरुणपणी पित्त, म्हातारपणी वात जोर करतो. सकाळी कफ, दुपारी पित्त, संध्याकाळी वात. पावसाळ्यात वात, शरदात पित्त, वसंतात कफ वाढतो. एकाच घरात आजी, सून आणि नातू यांना एकच पदार्थ सारखा मानवत नाही, त्याचे उत्तर आयुर्वेद असे देतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. वात, पित्त, कफ रक्ताच्या तपासणीत दिसत नाहीत. ही जुन्या वैद्यांनी माणसे निरखून केलेली मांडणी आहे. ती आपल्या खाण्याकडे लक्ष द्यायला शिकवते, म्हणून उपयोगाची. रोगाचे निदान तिच्यावर सोडू नये.

बुद्धकाळातले वैद्यक

हे ज्ञान कुणा एका वर्गाची मिरास नव्हते. विनयपिटकात जीवकाची कथा आहे. राजगृहात कचऱ्यावर टाकून दिलेले हे मूल पुढे तक्षशिलेला जाऊन सात वर्षे वैद्यक शिकले. गुरूंनी परीक्षा घेतली : एक योजन परिसरात हिंडून औषधी नसलेली वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला, आणि तीच त्याची उत्तीर्ण होण्याची खूण ठरली. भगवान बुद्धांवर आणि भिक्खुसंघावर उपचार करणारा तो हाच जीवक.

शरद ऋतूत भिक्खू आजारी पडून खंगले, तेव्हा बुद्धांनी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे घेण्याची मुभा दिली, अशी नोंद त्याच ग्रंथात आहे. म्हणजे औषध स्वयंपाकघरातूनच आले.

याहून मोलाची गोष्ट संयुत्त निकायात आहे. सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारले, माणसाला होणारे सगळे सुखदुःख पूर्वीच्या कर्मामुळेच होते, असे काही लोक म्हणतात, ते खरे काय? बुद्धांनी ते मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, तिघांचा एकत्र बिघाड, ऋतूचा पालट, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात अशी कारणे त्यांनी एकेक करून सांगितली. कर्मविपाक हे त्या आठांतले एक कारण, एकमेव नव्हे. आजारी माणसाला 'मागच्या जन्मीचे भोग' म्हणून हिणवणाऱ्यांना हे अडीच हजार वर्षांपूर्वीचे उत्तर आहे.

ही उतरंड मानू नका

आता नाकारण्यासारखे काय तेही पाहू. सातव्या शतकाच्या सुमारास वाग्भट नावाचा वैद्य होऊन गेला. तो बौद्ध असावा असे अनेक अभ्यासक मानतात. त्याचा 'अष्टांगहृदय' हा ग्रंथ तिबेटी भाषेतही गेला. पण याच ग्रंथात वाताची प्रकृती हीन, पित्ताची मध्यम, कफाची उत्तम आणि तिन्ही समान असलेली श्रेष्ठ, अशी प्रतवारी लावलेली आहे.

जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून माणसाला हीन आणि उत्तम ठरवणारी उतरंड आपण चांगली ओळखतो. ती जातीची असो की प्रकृतीची, आम्ही ती मानत नाही. ग्रंथ कितीही जुना असो, लिहिणारा कोणीही असो, पटेल ते घ्यावे आणि न पटेल ते सोडावे. सडपातळ मुलीला 'वाताची, कमजोर' असे चारचौघांत म्हणू नका. लग्नाच्या बैठकीत तर मुळीच नको.

सहा चवींचा हिशेब

आयुर्वेदाचे सगळे आहारशास्त्र सहा चवींवर उभे आहे : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. गोड म्हणजे नुसती साखर नव्हे; भात, गहू, दूध, तूप हेही गोडच. गोड, आंबट, खारट यांनी वात शमतो. गोड, कडू, तुरट यांनी पित्त शमते. तिखट, कडू, तुरट यांनी कफ कमी होतो. एवढे ध्यानात ठेवले की निम्मे काम झाले.

वाताचा त्रास असेल, म्हणजे पोट फुगते, शौचाला खडा होतो, सांधे दुखतात, तर अन्न गरम, मऊ आणि थोडे स्निग्ध हवे. ताजी भाकरी, वर चमचाभर तेल किंवा तूप, मुगाचे वरण, मऊ भात, लसणाची फोडणी. कोरडी शिळी भाकरी, वाटाणा, हरभरा, पावटा कमी करावेत. खायचेच तर चांगले भिजवून, शिजवून, हिंग-आले घालून.

पित्ताचा त्रास असेल, म्हणजे छातीत जळजळ, आंबट ढेकर, तोंड येणे, तर पहिले औषध वेळेवर जेवण. उपाशीपोटी चहावर चहा आणि वर तळलेला वडापाव, यानेच निम्मे पित्त होते. लोणचे, ठेचा, दारू यांनी ते भडकते. ज्वारीची भाकरी, दुधी, पडवळ, काकडी, धने-जिऱ्याचे पाणी, दूध आणि थोडे तूप मानवते. आवळा आंबट असला तरी पित्त शमवणारा मानला आहे.

कफाचा त्रास असेल, म्हणजे अंग जड, भूक मंद, सर्दी सारखी, तर गोड, तळलेले, मैद्याचे कमी करावे. बाजरी, नाचणी, कुळथाचे पिठले, आले, मिरी, मेथीची भाजी घ्यावी. भूक लागल्याशिवाय जेवू नये. रात्री दही टाळावे. हा नियम चरकाने सगळ्यांनाच सांगितला आहे.

घरात चारजणांसाठी चार स्वयंपाक करण्याची गरज नाही. भाकरी, भाजी, आमटी एकच करावी. एकाच्या ताटात वरून तेल, दुसऱ्याच्या ताटात काकडीची फोड, तिसऱ्याच्या ताटात मिरपूड, एवढ्यानेच भागते.

कष्टकऱ्याचे ताट हलके नाही

'प्रकृतीनुसार आहार' म्हणून जे काही विकले जाते, त्यात बदामाचे दूध आणि परदेशी बिया असतात. चरकसंहितेत 'ओकसात्म्य' असा शब्द आहे. ज्या अन्नाची शरीराला सवय झाली आहे ते त्याला मानवते, असा त्याचा अर्थ. ज्वारी, बाजरी, नाचणी खाऊन वाढलेल्या शरीराला तेच अन्न चांगले. या धान्यांना गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडणारे जग २०२३ साली भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे करून मोकळे झाले! आपल्या भाकरीची लाज बाळगण्याचे कारण नाही.

मांसाहाराबद्दलही असेच. आयुर्वेद म्हणजे शुद्ध शाकाहार, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. चरकाने धान्य आणि भाज्यांबरोबर मांसाचाही वर्ग सांगितला आहे. बोकडाचे मांस फार थंड नाही, फार जड नाही, शरीराला पुष्टी देणारे, असे त्याने म्हटले आहे. आजाराने खंगलेल्यासाठी मांसरस सांगितला आहे. विनयातही आजारी भिक्खूसाठी मांसाच्या पातळ रश्शाची मुभा दिसते. बाळंतिणीला पायाचे सूप देणाऱ्या आपल्या आज्या अडाणी नव्हत्या. सवाल प्रमाणाचा आणि पचण्याचा आहे.

रात्रपाळी करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. दिवसा झोपू नये असा आयुर्वेदाचा सर्वसाधारण नियम आहे. पण काम, ओझे आणि चाल यांनी थकलेल्या माणसाने दिवसा झोपावे, अशी सवलत चरकानेच दिली आहे. तेव्हा रात्रभर पहारा करून आलेल्या बापाला कुणी आळशी म्हणू नये.

आणि किती खावे? कोसलाचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाऊन धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी मितआहाराची एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावून रोज जेवताना आपल्यापुढे म्हणायला ठेवले, त्यासाठी दिवसाला शंभर कहापणे लावून दिली. राजाचा आहार हळूहळू नाळीभर भातावर आला आणि अंग हलके झाले. वाग्भटही म्हणतो, पोटाचे चार भाग करा. दोन भाग अन्न, एक भाग पाणी, एक भाग मोकळा. पण दिवसभर विटा वाहणाऱ्याचे दोन भाग आणि खुर्चीवर बसणाऱ्याचे दोन भाग सारखे नसतात, हे विसरू नका.

येथे थांबा, दवाखाना गाठा

आता सर्वांत महत्त्वाचे. छातीत दडपण, डाव्या हातात कळ, दरदरून घाम, याला 'पित्त झाले' म्हणून सोडा-लिंबू पीत बसू नका. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तडक रुग्णालय गाठा.

बाई सारखी थकते, धाप लागते, चक्कर येते, त्याला 'वात' म्हणू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांमागे ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या घ्या. घरात सर्वांत शेवटी आणि उरलेले जेवणाऱ्या बाईला कोणतीही प्रकृती मानवणार नाही. आधी तिचे ताट भरा.

क्षय, मधुमेह, रक्तदाब, फिट यांच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. क्षयाचे औषध मध्येच सोडले तर रोग औषधाला दाद देईनासा होतो.

पुडीतले औषध निर्धोक असतेच असे नाही. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी अमेरिकेतील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केली. सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी तर अनोळखी भस्म-चूर्ण तोंडातही घालू नये. आयुर्वेदाचाच सल्ला हवा असेल तर पदवीधर वैद्याकडे जा. मुंबईत वरळीला, तसेच नागपूर, नांदेड आणि धाराशिव येथे शासनाची आयुर्वेद रुग्णालये आहेत.

पंधरा दिवसांचा प्रयोग

एक पैसा न घालता सुरुवात करता येते. घरातल्या शाळकरी मुलाची जुनी वही घ्या. पंधरा दिवस रोज चार गोष्टी लिहा : काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, पोट कसे होते, झोप कशी लागली. लिहिता येत नसेल त्याचे मुलाने लिहावे. कोणत्या पदार्थाने जळजळ होते, कशाने पोट फुगते, हे पंधरा दिवसांत वहीच सांगेल. मग सवय एकदम तोडू नका. चार दिवसांनी पाव हिस्सा, अशी हळूहळू बदला. चरकाचाही सल्ला हळूहळू बदलण्याचाच आहे.

ऐकून मानू नये, स्वतः पडताळून पाहावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. ती ताटापर्यंत आणली, एवढेच.