पडक्या कॉलरवर तारप्याचा फेरा

वारली चित्र काढलेला बुशशर्ट आता जव्हार-मोखाड्यात नवलाचा राहिलेला नाही. पण असे बहुतेक शर्ट तयार घेऊन त्यांवर चित्र काढतात किंवा छापतात. शिंपी आणि चित्रकार यांनी एकत्र बसून केलेला बुशशर्ट वेगळाच दिसतो, आणि माझ्या मते खरा तोच.

नेहमीच्या शर्टाच्या कॉलरखाली एक उभी पट्टी असते. ती कॉलरला मानेशी ताठ धरते. बुशशर्टात ही पट्टी नाही. कॉलर थेट गळ्याला जोडतात आणि पुढच्या भागाची आतली पट्टी वर उलटवतात. त्यामुळे पहिलं बटण खाली सरकतं, गळा मोकळा राहतो, कॉलर खांद्यावर सपाट पडते. खालची किनार सरळ, बाजूंना लहान चिरा, बाह्या कोपराच्या वर. शर्ट खोचायचा नाही, म्हणून वारा खालून शिरून गळ्यातून निघतो. वैशाख तापला की त्याची किंमत कळते.

जगात या शर्टावर चित्रं चढली ती हवाईत. होनोलुलूच्या एलरी चुन यांनी 1930च्या दशकात किमोनोच्या कापडाचे शर्ट विकले आणि ‘अलोहा शर्ट’ हे नाव नोंदवून घेतलं. खोचायचं नसल्याने अख्खी पाठ आणि छाती चित्राला मिळते.

आपल्याकडे हे चित्र भिंतीवरचं. लग्नघरी गेरूने सारवलेल्या कुडावर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. मधे पालघट देवी. 1970च्या दशकात डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कापडावर तांदळाचं पीठ टिकत नाही, तिथे ॲक्रिलिक रंग लागतो. तो वाळला की उलट्या बाजूने इस्त्री फिरवतात.

अडचण येते पुढच्या बटणपट्टीशी. शिवलेल्या शर्टावर रंगवलं की चित्रातल्या माणसाच्या अंगाच्या दोन त्रिकोणांमधून काज जातं, झाडाची फांदी खिशाशी तुटते. म्हणून कापड बेतून झालं की शिवण्याआधीच त्यावर चित्र काढावं. शिंपी शिवणीची जागा खडूने आखून देतो, चित्रकार ती सोडून रंगवतो. तारप्याचा फेरा, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा गोल नाच, पाठीवरच शोभतो, कारण तिथे काहीच मधे येत नाही. छातीवर भाताची लावणी, ताडावर चढणारा माणूस, कोंबड्या. देवचौक मात्र शर्टावर नसावा. तो लग्नाचा आहे, देवीचा आहे; धुण्याच्या दगडावर आपटायचा नाही.

मागणी येते फाल्गुन-चैत्रात, आणि नेमकं तेव्हा इथली कितीतरी घरं बंद असतात. भातकापणी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ज्या भिवंडीचे यंत्रमाग देशाला कापड पुरवतात, तिथेच हा चित्रकार विटा थापतो. उन्हाळ्याचे शर्ट हवे असणाऱ्या दुकानदाराने म्हणून लावणी उरकली की बेतलेलं कापड आणि निम्मे पैसे गावात पोचवावेत. दमट हवेत रंग सावकाश वाळतो, ते दिवस धरूनच मुदत ठरवावी. शिवण थंडीत होईल. आणि कॉलरच्या आत, जिथे कंपनीचा बिल्ला शिवतात, तिथे चित्रकाराचं नाव आणि त्याचा पाडा लिहावा.