चाके उघडलीच नाहीत तर?

समुद्रावर तासन्‌तास टेहळणी करणाऱ्या विमानाची खरी कसोटी लागते ती उतरताना. शस्त्रे व यंत्रसामग्रीचा सारा भार तेव्हा चाकांच्या तीन खांबांवर येतो. एप्रिल १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉफेट फील्ड तळावर ऑस्ट्रेलियाचे नवेकोरे ओरायन विमान उतरताना त्यातील एक खांब कोसळला. आगीत विमान नष्ट झाले, कर्मचारी बचावले.

चाके हायड्रॉलिक दाबाने बाहेर येतात. दाब गेल्यास काय? भारतीय नौदलाचे पी-८आय हे बोइंग ७३७ वर बेतलेले विमान आहे. त्या जातीच्या विमानात वैमानिक हाताने तारा ओढून चाकांची खिट्टी सोडवतो आणि चाके स्वतःच्या वजनाने खाली येतात. तरीही हिरवा दिवा लागला नाही, तर घिरट्या घालून इंधन कमी केले जाते. त्यामुळे विमान हलके होते, आगीचा धोकाही घटतो.

गोव्यात दाबोळीला हा प्रश्न प्रवाशांनाही भिडतो. आयएनएस हंसा या नौदल तळाची धावपट्टी नागरी विमानेही वापरतात. तिच्यावर एखादे विमान अडकले, की साऱ्यांचीच वाट बंद होते. म्हणूनच जमिनीवर, जॅकवर विमान उचलून चाके पुन्हा पुन्हा उघडमीट करून पाहणे, हीच खरी सुरक्षितता.