फ्रीमाँटमध्ये सायकल चालवताना : डावे-उजवे सांभाळा!

मंडळी, जून उजाडला की आपल्या फ्रीमाँटच्या घरांमधून दोन गोष्टी हमखास होतात. भारतातून आजी-आजोबा येतात आणि गराजमध्ये धूळ खात पडलेली सायकल बाहेर निघते. मग आजोबा म्हणतात, "अरे, चाळीस वर्षं पुण्यात सायकल मारली आहे, मला काय शिकवतोस?" आणि आपण गप्प बसतो.

आम्हीही असेच गप्प बसलो होतो. आमच्यापैकी एकाचे वडील सकाळी दूध आणायला म्हणून सायकलवर निघाले. जन्मभराच्या सवयीने रस्त्याच्या डाव्या कडेने, अगदी शिस्तीत. एका दुकानाच्या पार्किंग लॉटमधून एक गाडी राइट टर्न घेण्यासाठी बाहेर येत होती. चालक बाई डावीकडे बघत होत्या, कारण त्या कडेची वाहने तिकडूनच येतात. आजोबा आले उजवीकडून. गाडी हातभर अंतरावर थांबली, आजोबा खाली पडले, कोपर सोलवटले, दूध राहिले. एवढ्यावर निभावले. बाई थरथरत होत्या. आजोबा मात्र संतापले होते: "मी समोर दिसत असताना तिने पाहिलं कसं नाही?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधताच हा लेख लिहावासा वाटला. त्या बाईंनी पाहिले नाही, कारण तिकडून कोणी येईल अशी त्यांची कल्पनाच नव्हती. पुण्या-सांगलीच्या रस्त्यावर कोणीही कुठूनही येऊ शकतो हे प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे सगळे चौफेर बघतात, घंटा वाजवतात, नजरेने बोलतात आणि वाट काढतात. इथला चालक नियमाप्रमाणे जिथून वाहन येणार तिथेच बघतो. म्हणजे इथे नुसते दिसून भागत नाही, अपेक्षित जागी दिसावे लागते. भारतातून आलेल्या प्रत्येकाला ही एक गोष्ट पहिल्याच दिवशी, चहा पिता पिता सांगून टाकावी. रस्ता ओलांडण्याआधी पहिली नजर डावीकडे टाकायची, हेही त्यातच आले.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सायकलस्वाराला मोटारचालकाचेच हक्क आहेत आणि जबाबदाऱ्याही त्याच. म्हणून वाहतुकीच्याच दिशेने, उजव्या बाजूने जायचे. स्टॉप साइनला थांबायचे. वळण्याआधी हात दाखवायचा. उजवीकडे वळताना डावा हात कोपरात वर मोडून दाखवण्याची जुनी पद्धत आहे, पण सायकलवाल्याला सरळ उजवा हात लांब केला तरी चालतो आणि तो जास्त लोकांना समजतो. उजवी कड धरायची असली तरी अगदी गटाराला चिकटून जायची सक्ती नाही. खड्डा असेल, उभ्या गाड्या असतील किंवा लेन इतकी अरुंद असेल की गाडी आणि सायकल शेजारी मावणार नाहीत, तर लेनच्या मध्यात येण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता आपल्या गावाविषयी थोडे. १९५६ साली सेंटरव्हिल, नाइल्स, अर्विंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्ज अशी पाच गावे मिळून फ्रीमाँट झाले. त्यांना जोडणारे फ्रीमाँट बुलेव्हार्ड, मावरी, स्टीव्हनसन, पासेओ पाद्रे हे रस्ते आज रुंद आणि सरळ आहेत, त्यामुळे गाड्या वेगात धावतात. शहराने २०१६ मध्ये 'व्हिजन झीरो' नावाचा रस्ता-सुरक्षेचा आराखडा स्वीकारला. वॉलनट अ‍ॅव्हेन्यूसारख्या काही ठिकाणी सायकलीची वाट गाड्यांपासून वेगळी केलेली दिसते, तिथे मुलांना नेताना जीव निवांत असतो. पण मोठ्या चौकात सायकलवरून लेफ्ट टर्न घेण्यासाठी तीन-तीन लेन ओलांडण्याचे धाडस सवय नसेल तर करू नये. सरळ पलीकडे जावे, उतरावे, सायकल हातात धरून क्रॉसवॉकवरून दुसरा रस्ता ओलांडावा. दोन मिनिटे जातात, जाऊ द्यावीत. ८८० च्या चढत्या-उतरत्या रॅम्पपाशी तर विशेष जपावे. तिथे चालकाचे सगळे लक्ष फ्रीवेकडे लागलेले असते.

उन्हाचेही एक आहे. सकाळी मिशन पीकच्या दिशेने जाताना सूर्य थेट डोळ्यांवर येतो. तुम्हाला त्रास होतो तसा तुमच्या मागच्या चालकालाही होतो, आणि त्याला तुम्ही नुसती सावली दिसता. अशा वेळी मागचा लाल दिवा दिवसाही लावलेला बरा. रात्री पुढे पांढरा दिवा हवाच, तो ३०० फुटांवरून दिसला पाहिजे आणि मागचा लाल रिफ्लेक्टर किंवा दिवा ५०० फुटांवरून. पुण्यात डायनामो नसला की पोलीस अडवायचे हे ज्यांना आठवते त्यांना यात नवल वाटणार नाही. दोन्ही कानांत इअरफोन घालून सायकल चालवणेही इथे बेकायदा आहे. घरी गाणी ऐकू!

हेल्मेट १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला सक्तीचे आहे. मोठ्यांना साध्या सायकलवर सक्ती नाही, पण बाबा बोडक्या डोक्याने आणि मुलगा हेल्मेट घालून, हे दृश्य आपल्याकडे फार दिसते आणि सोळाव्या वर्षी मुलगा नेमके बाबांचे अनुकरण करतो. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे यावे. गांधीटोपी मागे सरकवतात तसे घातलेले हेल्मेट कपाळ वाचवत नाही. इलेक्ट्रिक सायकल घेणार असाल तर तिचा क्लास आधी बघा. ताशी २८ मैलांपर्यंत जोर देणाऱ्या क्लास ३ च्या सायकलला वय किमान १६ लागते आणि हेल्मेट सर्वांनाच.

नवशिक्यांना आम्ही अ‍ॅलमीडा क्रीक ट्रेल सुचवू. नाइल्सपासून खाडीपर्यंत सुमारे १२ मैल, गाड्या नाहीत. दक्षिण काठ डांबरी आहे, सायकलीला तोच सोयीचा. उत्तरेकडच्या कच्च्या वाटेवर घोडेस्वार असतात. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो, म्हणून जाताना पश्चिमेला जावे, परतताना वारा पाठीशी राहतो. आमच्यापैकी काहींनी एकदा उलटे केले आणि कोयोटी हिल्सपाशी गाडी लावून नाइल्सपर्यंत ऐटीत गेलो. परत येताना मुले रडली, मोठ्यांनी फक्त रडायचे बाकी ठेवले.

पण ट्रेलवर आपल्याकडून इतरांना त्रास होतो, हेही कबूल केले पाहिजे. आपण चार कुटुंबे निघालो की गप्पा मारत सगळी वाट अडवतो. मागून "ऑन युवर लेफ्ट" अशी हाक येते आणि आजी 'लेफ्ट' ऐकून नेमक्या डावीकडे सरकतात! त्या हाकेचा अर्थ 'मी तुमच्या डावीकडून पुढे जातो आहे, तुम्ही उजवीकडेच राहा' असा आहे. आपण सायकलवर असू तेव्हा घंटा लांबून, हळू वाजवावी. आपल्याकडे घंटा म्हणजे 'बाजूला व्हा'. इथे ती 'मी मागे आहे' एवढेच सांगते, आणि कुणी बाजूला झाले नाही तर वेग आपणच कमी करायचा. चालणाऱ्याचा आणि घोड्याचा मान पहिला. एलिझाबेथ लेकभोवती रविवारी गर्दी असते, तिथे वेगाची हौस भागवू नये.

शेवटी आपण बहुतेक वेळ गाडीतच असतो, तेव्हा तिकडची बाजूही पाहू. १६ सप्टेंबर २०१४ पासून सायकलला मागे टाकताना किमान ३ फूट अंतर ठेवणे बंधनकारक आहे, आणि २०२३ पासून शक्य असेल तर शेजारची लेन घेऊनच पुढे जायचे. राइट टर्न घेताना बाईक लेन ओलांडून अचानक वळू नका. चौकाच्या आधीच्या २०० फुटांत, मागे सायकल नाही ना हे पाहून, त्या लेनमध्ये शिरा आणि मग वळा. रस्त्याकडेला गाडी लावली की दार उजव्या हाताने उघडा. हात लांबवताना अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते.

आमच्या त्या आजोबांचे कोपर आठवड्यात बरे झाले. त्यानंतर त्यांनी हँडलच्या मधोमध एक कागद चिकटवला आणि त्यावर ठळक अक्षरांत 'उजवीकडे' लिहिले. ऑक्टोबरमध्ये ते परत गेले. कागद आम्ही काढलेला नाही. पुण्यात पोचल्यावर पहिल्याच दिवशी ते कर्वे रस्त्यावर उजव्या बाजूने निघाले होते, असे आजींनी फोनवर कळवले आहे.