थर्माकोलच्या ठोकळ्यातून पंख

मुंबईत गणपतीच्या मखरांसाठी थर्माकोल ज्या तापलेल्या तारेने कापला जाई (सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे), तिनेच मॉडेल विमानाच्या पंखाचा गाभाही निघतो. शीवच्या लहानशा घरातही हे जमतं. खिडक्या मात्र सताड उघड्या हव्यात, कापताना निघणारा धूर छातीत जाऊ देऊ नये.

धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेली नायक्रोमची तार, तिला ट्रान्सफॉर्मरमधून कमी दाबाची वीज. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाचे सनमायकाचे साचे टाचायचे, दोन्हींवर सारख्याच संख्येच्या खुणा करायच्या आणि दोघांनी आकडे पुकारत तार सरकवायची. निमुळत्या पंखात टोकाचा साचा लहान, म्हणून तिकडचा हात हळू. खरी कसोटी इथेच आहे. घाई केली की तार मधोमध मागे रेंगाळते आणि आकार बिघडतो. थबकलात तर खळगा पडतो. तार लालभडकही नको, कारण थर्माकोलमधलं पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसलाच मऊ पडतं.

वरून बाल्सा लाकडाची पातळ फळी इपॉक्सीने चिकटवा. पॉलिस्टर रेझिन थर्माकोल विरघळवतं. शीवपासून विमानतळ जवळ आहे, तेव्हा उडवण्याआधी ड्रोन नियम, २०२१ खालचा हवाईक्षेत्राचा नकाशा जरूर तपासा.