टॅटरशॉलचा विटांचा वाडा

लिंकनशायरमधील टॅटरशॉल या खेड्यात राल्फ क्रॉमवेल या इंग्लंडच्या खजिनदाराने १४३० नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत शंभर फुटांहून उंच असा विटांचा मनोरेवजा वाडा उठविला. तेथे जुना दगडी किल्ला होताच. मग वीट कशाला? आम्हांस वाटते, ऐटीसाठी! त्या काळी तिकडे वीट ही मिरविण्याची वस्तू होती. किल्ल्याचा आव आणणाऱ्या या इमारतीला भल्यामोठ्या खिडक्या आहेत. तोफेपुढे त्या काय टिकणार?

भिंती मात्र जवळून पाहाव्या. भट्टीत विस्तवालगतच्या विटांवर निळसर-काळी झिलई चढते. एखादा गवंडी त्या बाजूला काढील. तेथल्या गवंड्यांनी त्यांचीच तोंडे बाहेर ठेवून तांबड्या भिंतीवर शंकरपाळ्यांसारखी नक्षी उठविली. आत शेकोट्यांच्या कोरीव दगडी महिरपी आहेत. त्यांवर खजिनदाराची खूण म्हणून थैली कोरलेली.

१९११ साली या महिरपीच उखडून विकण्यात आल्या. त्या अमेरिकेस जायच्या, तोच वाडा विकत घेतला लॉर्ड कर्झनने. होय, वंगभंगवालाच! हिंदुस्थानात १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला. त्याने महिरपी सोडवून १९१२ मध्ये परत आणल्या. इंग्लंडातला १८८२ चा कायदा मालकाच्या मर्जीपुढे दुबळा होता. या प्रकरणानंतर १९१३ साली तो कडक झाला. मालकास स्मारकाला हात लावण्यापूर्वी सरकारला कळविणे भाग पडले. १९२५ मध्ये कर्झन वारला, आणि त्याच्या मृत्युपत्राने वाडा नॅशनल ट्रस्टकडे गेला.